विलिसच्या गाड्या

(कृष्णधवल चित्रफीत. शिकागोचा रस्ता, मोर्चा.)

२२ ऑक्टोबर १९६३. मंगळवार, म्हणजे शाळेचा वार. तरी ही पोरं रस्त्यावर आहेत. त्या दिवशी शिकागोत दोन लाखांहून जास्त मुलं शाळेत गेली नाहीत.

फलकांवरचं नाव वाचा. विलिस. बेंजामिन विलिस, शहरातल्या सरकारी शाळांचे प्रमुख.

(चाकांवरची पत्र्याची वर्गखोली.)

आणि ही त्यांची करामत. कृष्णवर्णीयांना घरं मिळत ती ठरावीक वस्त्यांतच. वस्ती दाटली की शाळाही दाटायची, मग सकाळ-दुपार दोन पाळ्या. थोड्या अंतरावर गोऱ्यांच्या शाळांत बाकं रिकामी. मुलांना तिकडे पाठवणं हा सरळ उपाय होता. विलिस यांनी त्याऐवजी अ‍ॅल्युमिनियमच्या या गाड्या आणून उभ्या केल्या. लोक त्यांना ‘विलिस वॅगन’ म्हणू लागले. कायद्याने शाळा वेगळ्या नव्हत्याच. वेगळेपणाचं काम, कुठल्या वस्तीची मुलं कुठल्या शाळेत हे ठरवणाऱ्या हद्दीच्या रेघांनी परस्पर उरकलं होतं.

हे चित्रीकरण गॉर्डन क्विन आणि त्यांच्या सोबत्यांचं. क्विन तेव्हा शिकागो विद्यापीठात शिकत होते. फीत पुढे कित्येक वर्षं पडून राहिली. २०१७ मध्ये तिचा ‘’६३ बॉयकॉट’ हा माहितीपट झाला. त्यात मोर्चातली तेव्हाची मुलं, आता केस पिकलेली, त्या दिवसाबद्दल बोलतात. गर्दी चित्रित करणारे पुष्कळ असतात. गर्दीतला माणूस इतक्या वर्षांनी पुन्हा गाठणारे थोडे.

(रंगीत. हातात चेंडू घेतलेला मुलगा.)

क्विन यांच्याच ‘कार्टेमक्विन’ या चित्रपटसंस्थेचा १९९४ चा माहितीपट ‘हूप ड्रीम्स’. विल्यम गेट्स आणि आर्थर एजी, दोघंही शिकागोच्या गरीब वस्त्यांतले. बास्केटबॉलमुळे उपनगरातल्या, बहुतांश गोऱ्या मुलांच्या खासगी शाळेत त्यांना जागा मिळाली. एका बाजूचा प्रवास सुमारे दीड तास. तीस वर्षांपूर्वी जी बाकं मागायला मोर्चा निघाला होता, तिथवर पोचायला आता खेळात अव्वल असावं लागत होतं. फी थकली तशी आर्थरची शाळा सुटली.

(पुन्हा मोर्चा. या वेळी रंगीत.)

विलिस यांनी १९६६ मध्ये पद सोडलं. २०१३ मध्ये शहराने सुमारे ५० शाळा बंद केल्या. मुलं बहुतेक कृष्णवर्णीयच.

(इथून पुढे निवेदन नाही.)