पुठ्ठ्याचं घड्याळ मागे का पडतं?

नमस्कार मंडळी! सायन्स एक्झिबिशन जवळ आलं की आपल्या इंदुरात खजुरी बाजारातल्या स्टेशनरीच्या दुकानांत थर्माकोल आणि पोस्टर कलरसाठी झुंबड उडते, म्हणजे आई-बाबांची हं, मुलं तेव्हा ट्यूशनला. मग रात्री उशिरापर्यंत बाबा ग्लू गन घेऊन बसणार, आणि सकाळी चिरंजीव ते मॉडेल धरून पाठ केलेली चार वाक्यं म्हणणार. प्राइझ पण मिळतं कधीकधी, बाबांना.

मला विचाराल तर मॉडेल दिसायला बेंगरूळ असलं तरी चालेल, पण ते करताना मुलाचं कुठेतरी अडायला हवं. आता सूर्यमालाच घ्या. पृथ्वी मोहरीएवढी, 2 मिलिमीटरची धरली तर सूर्य जवळपास 109 पट, म्हणजे साधारण फुटबॉलएवढा होतो, बरं तो ठेवायचा कुठे तर तेवीस-चोवीस मीटर लांब, आणि नेपच्यून तर त्या फुटबॉलपासून 700 मीटरवर! पोराने हा हिशोब स्वतः केला ना की त्याला कळतं की बोर्डावरची ती रंगीत मण्यांची ओळ म्हणजे नुसतं चित्र आहे, अंतरांचं त्यात काहीच खरं नाही.

माझं सगळ्यात आवडतं म्हणजे सूर्यघड्याळ. खर्च काहीच नाही. पुठ्ठ्याची गोल चकती, मधोमध आरपार, चकतीला काटकोनात, विणायची सुई, कडेला दर 15 अंशांवर तासाची खूण. सुई ध्रुवताऱ्याच्या दिशेला आणि जमिनीपासून वर इंदूरच्या अक्षांशाएवढी, म्हणजे पावणेतेवीस अंश, तिरकी ठेवायची. झालं. आता मजा बघा, हिवाळ्यात सावली चकतीच्या वरच्या बाजूला पडतच नाही, खालच्या बाजूला पडते, कारण सूर्य विषुववृत्ताच्या दक्षिणेला गेलेला असतो. हे पुस्तकात वाचून कोणाच्या लक्षात राहतं हो?

आणि मोबाइलशी टाइम जुळवायला गेलात तर जुळत नाही. पुठ्ठ्याचं घड्याळ सरासरी सव्वीस-सत्तावीस मिनिटं मागे असतं. पोरं लगेच म्हणतात बिघडलं, पण बिघडलेलं काही नसतं, आपला भारतीय टाइम साडेब्याऐंशी रेखांशाचा, इंदूर त्याच्या पश्चिमेला साडेसहा अंशांहून जरा जास्त, आणि दर अंशाला 4 मिनिटं. गुणाकार मुलालाच करू द्या, पटकन सांगून टाकू नका. त्यातही फेब्रुवारीत फरक 40 मिनिटांवर जातो, नोव्हेंबरच्या सुरुवातीला 10 वर येतो, कारण पृथ्वीचा आस कललेला आहे आणि सूर्याभोवतीची तिची कक्षा अगदी गोल नाही. वर्षभर महिन्यातून एकदा नोंद ठेवली तर सातवी-आठवीच्या मुलाला ते वहीत दिसतं.

हाताने करून शिकायचं हे काही आजचं फॅड नाही बरं का, आपल्याच मध्य प्रदेशात होशंगाबादला 1972 साली खेड्यांतल्या सरकारी शाळांमध्ये प्रयोगातून विज्ञान शिकवायला सुरुवात झाली होती. तिथे कुठली आलीये ग्लू गन!

सुट्टीत उज्जैनला जाणारच असाल तर पोरांना वेधशाळेत पण न्या. तिथलं सम्राट यंत्र म्हणजे मोठं सूर्यघड्याळच, त्याची तिरकी भिंत म्हणजे आपली विणायची सुईच, फक्त विटा-चुन्याची आणि उज्जैनच्या अक्षांशाची. पण लोक महाकालचं दर्शन झालं की कचोरी खाऊन थेट घरी, ही आपली तऱ्हा.