गव्हात लपलेलं गुल्ली डंडा

(दृश्य: हरियाणा, डिसेंबरमधलं गव्हाचं शेत)

हे शेत बघा, सगळा गहूच वाटतोय ना, पण यातली बरीच रोपं गव्हाची नाहीयेत. ते एक तण आहे, त्याला गुल्ली डंडा म्हणतात, हरियाणात मंडूसी किंवा कनकी. लहान असताना इतकं गव्हासारखं दिसतं की निंदणाऱ्याला बुडाशी वाकून बघावं लागतं, लालसर झाक दिसली की उपटायचं.

हे तण गव्हाच्या आधी पिकतं आणि बरंचसं बी कापणीच्या आधीच गळून जातं. आता गंमत अशी की एप्रिलमध्ये गळालेल्या या ताज्या बियांना पाणी दिलं तरी त्या सहजासहजी रुजत नाहीत, त्या सुप्तावस्थेत असतात. मे-जूनची गरमी खाऊन ही झोप हळूहळू उतरते, मग शेतात भात लागतो, पाणी साचतं, आणि बी त्या चिखलात तसंच जिवंत पडून राहतं. आता रुजायची तयारी झालेली असते पण जमीन अजून गरम असते ना, ३० अंशांच्या वर ते जवळपास उगवतच नाही. १० ते २० अंश, हे त्याचं आवडतं तापमान, म्हणजे नोव्हेंबरचा मध्य, आणि नेमकी तेव्हाच गव्हाची पेरणी चालू!

१९९० च्या दशकात तर आयसोप्रोट्युरॉन हे तणनाशकच त्याच्यावर चालेनासं झालं, काही शेतकऱ्यांना उभा गहू चारा म्हणून कापावा लागला. केवढी मेहनत ती, आणि हातात काय तर वैरण.

मला महत्त्वाचं वाटतं ते हे, की थंडीवर चालणाऱ्या तणाला थंडीच्या आधीच गाठता येतं. ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात गहू पेरला तर तो त्या उबेत उगवतो, गुल्ली डंडा मात्र थांबून राहतं, आणि गारवा पडून ते वर येईपर्यंत गव्हाने जमीन झाकायला सुरुवात केलेली असते. त्यात नांगरट न करता झिरो टिलेजने पेरलं तर खाली गाडलेलं बी वरही येत नाही.

पण सगळ्यांना हे जमत नाही. बासमती उशिरा निघतो, शेत मोकळंच होत नाही, आणि लवकर पेरायला वाणही तसाच लागतो, नाहीतर गरमीमुळे ओंब्या लवकर बाहेर पडतात आणि ऐन थंडीत सापडतात.