जमिनीखालचा गारवा

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, होऊन गेली. दुपारचे दोन वाजलेत. जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंशांना टेकलाय. नव्या घराचा स्लॅब आता जो तापतोय, तो मध्यरात्रीपर्यंत आग ओकत राहणार.

शेजारचं हे जुनं धाब्याचं घर. लाकडी तुळया, त्यांवर किलचन म्हणजे लाकडी पट्ट्यांचा थर, वर मातीचा जाड थर. ऊन भिंतीतून आत पोचेपर्यंत सूर्य मावळलेला असतो. आजी सारवलेल्या भुईवर नुसती पाठ टेकते.

आता केळीच्या बागेत चला. जानेवारीच्या पहाटे बोअरच्या पाण्याला वाफ येते, आणि मे महिन्यात तेच पाणी ओंजळीत गार लागतं. पाणी दोन्ही वेळा जवळपास सारखंच असतं, फरक वरच्या हवेचा. दहा मीटर खाली जमिनीला ऋतू फारसे कळत नाहीत. आपल्याकडे तिथं साधारण २७-२८ अंश टिकून असतात.

जमिनीतला हीट पंप, म्हणजे उष्णता एका जागेहून दुसरीकडे नेणारं यंत्र, याच गारव्यावर चालतो. बोअरमध्ये पाईप सोडायचा, त्यातून पाणी फिरवायचं. ते घरातली उष्णता घेऊन खाली जातं आणि जमिनीला देऊन वर येतं. स्वीडनसारख्या देशात जमीनच दहा अंशांच्या आत-बाहेर, त्यामुळे उन्हाळ्यात कॉम्प्रेसर बंद ठेवूनही घर गार होतं. खान्देशात तेवढ्यावर भागणार नाही, हे स्पष्ट सांगायला हवं. २८ अंशांच्या जमिनीतून आलेलं पाणी काहिली कमी करेल, तीही घर धाब्यासारखं ऊन अडवणारं असेल तरच. जास्त गारवा हवा तर कॉम्प्रेसर लागतो. तरी वीज वाचते, कारण एसीला उष्णता ४५ अंशांच्या हवेत ढकलावी लागते, याला २८च्या जमिनीत.

खरी अडचण वेगळीच आहे. थंड देशांत हिवाळ्यात हीच उष्णता परत काढून घरं उबदार करतात. आपण नुसती ओतत राहिलो, तर पाईपाभोवतीची जमीन वर्षागणिक तापत जाईल. म्हणून मला धुळ्याची थंडी मोलाची वाटते. तिथं हिवाळ्यात पारा कितीदा तरी १० अंशांखाली उतरतो. त्या रात्री पाणी गच्चीवरच्या पाईपांतून फिरवून खाली सोडलं, तर जमीन पुन्हा गार होते.

खर्चाचा मोठा वाटा बोअर मारण्याचा. आणि आपल्या गावागावांत आटलेले बोअर तसेच पडून आहेत. घराजवळच्या एखाद्यात पाईप सोडून, भोवतीची पोकळी नीट भरून तो वापरता येतो का, हे आधी तपासायला हवं.