ताई ची जिथं जन्मली, तिथंच ती संपत आली होती

नमस्कार मंडळी! चीनच्या हेनान प्रांतात, पिवळ्या नदीच्या उत्तरेला चेनजियागोउ नावाचं गाव आहे. चेन आडनावाच्या लोकांचं गाव. १९५८ साली तिथले चेन झाओपी परत आले. वय पासष्ट, अर्धं आयुष्य शहरात ताई ची ही चिनी युद्धकला शिकवण्यात गेलेलं. येऊन पाहतात तर काय, जिथून ही विद्या साऱ्या चीनभर गेली त्याच गावात नव्या पिढीला ती धड येत नव्हती.

असं का झालं? सतराव्या शतकात इथल्याच चेन वांगतिंग या लष्करी माणसानं ही युद्धकला घडवली, असं बरेच इतिहासकार मानतात. पुढे कित्येक पिढ्या ती घराण्यातच राहिली. मग चेन चांगशिंग यांनी यांग लुचान या बाहेरच्या माणसाला शिकवलं आणि यांगनी ती बीजिंगला नेली. हळूहळू गावातले चांगले शिक्षकही शहरात गेले. १९२८ मध्ये आधी चेन झाओपी बीजिंगला गेले, पाठोपाठ त्यांचे चुलते चेन फाके. त्यात युद्ध, आणि १९४२-४३ चा हेनानचा भीषण दुष्काळ. लाखो माणसं मेली, लाखोंनी घरदार सोडलं. पोटात अन्न नसताना सराव कोण करणार?

झाओपींनी मग गावातच राहायचं ठरवलं आणि घरीच शिकवायला सुरुवात केली. पुढे सांस्कृतिक क्रांती आली. जुनं ते सगळं वाईट ठरलं, सरावावर बंदी आली आणि या म्हाताऱ्या माणसाचा चारचौघांत अपमान झाला. तरी वारं जरा फिरताच त्यांनी पुन्हा पोरांना गोळा केलं. १९७२ मध्ये ते गेले. त्यानंतर चेन फाकेंचा मुलगा चेन झाओकुइ बीजिंगहून येऊन शिकवू लागला.

या दोघांच्या हाताखाली तयार झालेले चौघं आज जगभर ओळखले जातात: चेन शियाओवांग, चेन झेंगलेइ, वांग शिआन आणि झू तिआनत्साई. नावं नीट ऐका. शेवटचे दोघं चेन नाहीत! माझ्या मते ही विद्या तरली ती इथं. घराण्याचं नाव जपण्यापेक्षा शिकणारा जपला गेला.

आता एक गोष्ट उभी राहून दाखवते. (कॅमेरा मागे घ्या, पूर्ण शरीर दिसू दे.) पाय खांद्याएवढे लांब, गुडघे थोडे वाकलेले, हात छातीसमोर गोल. दिसायला सोपं आहे. पण शिक्षक मागून येतात, एक हात कमरेवर आणि एक छातीवर ठेवतात आणि दोन बोटं इकडे, एक बोट तिकडे असं शरीर हलवतात. तेवढ्यानं सगळं वजन मांड्यांत उतरतं आणि पाय थरथरायला लागतात. माझी कंबर पुढे गेलीय हे मला स्वतःला कळत नाही, त्यांच्या हाताला कळतं. हे व्हिडिओतून शिकता येत नाही. माझ्याही नाही.

दुसरं म्हणजे जोडीनं करायचा सराव, ज्याला इंग्रजीत पुश हँड्स म्हणतात. मनगटाला मनगट लावायचं आणि गोल फिरवत राहायचं. समोरच्यानं जोर लावला की अडवायचं नाही, वळवून सोडून द्यायचं. त्याचं वजन कुठल्या पायावर आहे ते मनगटातून कळायला हवं. याला रोज दुसरा माणूस लागतो, आणि म्हणूनच गाव लागतं.

१९५६ मध्ये सरकारनं यांग लुचान यांच्या घराण्याच्या यांग शैलीतून २४ हालचालींचा सोपा संच बसवला. तो कोट्यवधी लोकांपर्यंत पोचला, ते चांगलंच झालं. पण अनेक ठिकाणी तेवढाच संच उरला आणि जोडीचा सराव गेला. चेनजियागोउच्या मूळ चेन शैलीत संथ हालचालीतून एकदम सुटणारा ठोसा असतो, जमिनीवर दणकन आपटलेला पाय असतो. तो कशासाठी, हेच शिकवलं नाही तर विद्या अर्धी राहते.

२०२० च्या डिसेंबरमध्ये युनेस्कोनं ताई चीला मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलं. आज चेनजियागोउमध्ये ताई चीच्या शाळा आहेत, संग्रहालय आहे, जगभरातून लोक येऊन राहतात. गावाला त्यातून रोजगार मिळतो, याचा मला मनापासून आनंद आहे. काळजी एवढीच वाटते की स्पर्धेत गुण मिळतात ते दिसण्याला, मनगटाला काय कळतं त्याला नाही.

तुम्ही ताई चीच्या वर्गाला जात असाल, तर उद्याच सरांना किंवा मॅडमना विचारा: जोडीचा सराव कधी घेणार? नाही म्हणाले, तर वर्गातलाच एखादा सोबती गाठा आणि शिक्षकांना म्हणा, आम्हा दोघांना रोज दहा मिनिटं तेवढं शिकवा.