टायर वाढला, गिअर तेच

मंडळी, गाडी लिफ्ट केली, म्हणजे सस्पेन्शननं उंच केली, आता मोठे टायर घालायचेत, पण क्राउन-पिनियनला, म्हणजे ॲक्सलमधल्या चाकांना जोर देणाऱ्या गिअरच्या जोडीला, हात लावायचा नाही, चालेल का? सोलापुरात हल्ली सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच. डिझेल गाडी असेल तर ३१ वरून ३३ इंच चालेल. त्यापुढे मी नको म्हणेन.

थारच्या वरच्या मॉडेलला कंपनीचा टायर येतो २५५/६५ आर १८. २५५ मिलिमीटर रुंदीचे ६५ टक्के, म्हणजे साधारण १६६ मिलिमीटर उंचीची भिंत. वर-खाली दोन भिंती, मध्ये १८ इंची रिम, एकूण ७८९ मिलिमीटर. ३३ इंची टायर होतो ८३८. फरक सहा टक्के. किलोमीटरभर जायला जुना टायर ४०३ वेळा फिरतो, नवा ३८०. समजा तुमचं क्राउन-पिनियन ४.१ रेशोचं आहे, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्याला शाफ्ट ४.१ वेळा फिरतो, तर मोठ्या टायरवर गाडी ३.८६ असल्यासारखी वागणार.

विजापूर रोडला सपाटीवर हे जाणवतसुद्धा नाही, उलट इंजिन कमी फिरतं म्हणून गाडी निवांत वाटते. खरी परीक्षा तुळजापूरच्या घाटात. पाच माणसं, सामान, एसी चालू, आणि तुम्ही सवयीनं चौथ्यातच. आरपीएम खाली येतो, टर्बोचा जोर निघून जातो आणि गाडी दम टाकते. तिथं वेळेवर तिसरा टाका, ॲक्सिलरेटर दाबत बसू नका. शेतात तर याहून जपा. पावसानंतरच्या काळ्या मातीत हाफ क्लचवर गाडी रेटली की क्लच प्लेट जळते, वास येईपर्यंत निम्मं काम झालेलं असतं. फोर लो, म्हणजे चारही चाकांना जोर देणारा हळू गिअर, दिलाय तो अशाच वेळी वापरायला.

हा नुसता आकाराचा हिशेब झाला. वजन वेगळंच. जाड टायरचं वजन कडेला असतं, ते फिरवायला आणि थांबवायलाही जास्त जोर लागतो. ब्रेकची डिस्क तेवढीच राहते, चाकाची त्रिज्या वाढते, म्हणून तेवढ्याच दाबाला पकड कमी पडते. पिकअपबद्दल सगळे विचारतात, ब्रेकबद्दल फारसं कोणी विचारत नाही, याची मला खरोखर काळजी वाटते.

मीटरचंही बघा. काटा ८० दाखवतो तेव्हा गाडी त्याच्या मानानं सहा टक्के जास्त पळत असते. अंतर मात्र कमी नोंदवलं जातं, त्यामुळे ॲव्हरेज आहे त्यापेक्षाही पडलेलं दिसतं. टायरवर छापलेल्या आकारावर जाऊ नका. टायरवर आणि फरशीवर खडूची खूण करा, गाडी ढकलत चाकाचा एक पूर्ण फेरा होऊ द्या आणि टेपनं अंतर मोजा. जुन्या टायरवर आधीच मोजून ठेवलंत तर खरा फरक हातात येतो.

आणखी एक. सस्पेन्शन लिफ्टनं बॉडी वर जाते, मागच्या ॲक्सलच्या मधला डिफरन्शियलचा गोळा (क्राउन-पिनियन त्यातच असतं) आहे तिथंच राहतो. तो उचलतो फक्त टायर, तोही वाढलेल्या व्यासाच्या निम्म्यानं. ३३ इंचात मिळतात जेमतेम २५ मिलिमीटर. बांधावर तेवढे पुरतात.

३५ इंचाचाच हट्ट असेल तर क्राउन-पिनियन बदला, पण फोर बाय फोरला पुढचं आणि मागचं, दोन्ही एकाच रेशोचं. फक्त मागचं बदलून फोर व्हील टाकलंत, तर पुढची आणि मागची चाकं वेगवेगळ्या वेगानं फिरायला बघतात आणि तो सगळा ताण पुढच्या-मागच्या चाकांना जोर वाटणाऱ्या ट्रान्सफर केसवर येतो.