फांदीवरचा डोळा

नमस्कार.

येताना मी एक फांदी घेऊन आलो आहे. सफरचंदाच्या झाडाची, वीतभर लांबीची. छाटणी झाल्यावर पडलेल्या ढिगातून उचलली. मागे बसलेल्यांना ही वाळकी काटकी वाटेल, पण हिच्यावरून बोट फिरवलं की थोड्या थोड्या अंतरावर उंचवटे लागतात. बागेत काम करणारी माणसं त्यांना डोळे म्हणतात. प्रत्येक डोळ्याच्या लगेच खाली चंद्रकोरीसारखा एक पुसट व्रण आहे. गेल्या वर्षीचं पान तिथून गळलं. जिथून पान गेलं, त्याच्याच बगलेत डोळा बसलेला आहे.

टोकाकडचा हा एक डोळा बाकीच्यांपेक्षा फुगीर आहे. अशाच एका डोळ्याला मी काल ब्लेडने उभा छेद दिला आणि भिंगाखाली धरला. बाहेर तपकिरी खवले, एकावर एक चढवलेले. त्यांच्या आत पांढरट लव. आणि त्या लवेच्या कुशीत घडी घातलेली इवलीशी पानं, पानांच्या मधोमध कळ्यांचा गुच्छ. बाहेर अजून थंडी होती आणि आत सगळं तयार होतं.

ही तयारी केव्हाची? आपण समजतो की वसंत आला आणि त्याने फुलं आणली. खरं तर या कळ्यांची सुरुवात गेल्या उन्हाळ्यात झाली. झाडावर त्या वर्षीची फळं वाढत होती, कुणाचं लक्षही नव्हतं, तेव्हा. वसंत फक्त दार उघडतो.

मला आज एवढंच सांगायचं आहे. ऋतू पालटला की आपण स्वतःला विचारतो, ‘आता नवीन काय करू?’ मला हा प्रश्न घाईचा वाटतो. त्याच्या आधी विचारायला हवं, ‘गेल्या वर्षभरात माझ्यात काय तयार होऊन बसलं आहे?’

हे शोधायचं कसं, तर माझी एक साधी पद्धत आहे. दर वसंतात मी वर्षभराच्या वह्या घेऊन एक सकाळ बसतो. काय ठरवलं होतं ते वाचतच नाही. कुणी सांगितलेलं नसताना मी पुन्हा पुन्हा कुठे वळलो, तेवढंच पाहतो. एका वर्षी माझ्या कामाच्या वहीत, मागच्या पानांवर, समासात, बैठकीच्या टिपणांच्या कडेला, पक्षी सापडले. पेनाने काढलेले. मोजले तर तेवीस. मला चित्रकला येते असं मी कधी म्हटलं नव्हतं, अजूनही म्हणत नाही. पण वर्षभर माझा हात काहीतरी मागत होता आणि मला त्याचा पत्ताच नव्हता. त्या वसंतात मी दुसरा कुठलाही संकल्प केला नाही. तुमच्याही वहीत, फोनमधल्या फोटोंत, अर्ध्यावर सोडलेल्या पत्रांत असा एखादा डोळा असेल. तो शोधायला घाई करू नका, एक सकाळ द्या.

आता ज्यांचं वर्ष वाईट गेलं त्यांच्याशी थोडं बोलतो. अशी माणसं इथे असणारच. झाडाला गारठ्याची गरज असते. सफरचंदाच्या अनेक जातींना साधारण ८०० ते १००० तास थंडी मिळावी लागते, सुमारे ७ अंश सेल्सिअसच्या खालची. ती पुरेशी मिळाली नाही, तर ऊब आली तरी डोळे नीट फुटत नाहीत. काही उशिरा फुटतात, काही फुटतच नाहीत. ऐन हिवाळ्यात एखादा उबदार दिवस आला म्हणून झाड फसत नाही, ते याच हिशेबामुळे. आजारपणात, कुणी गेल्यानंतर, काम सुटल्यानंतर जे महिने नुसते पडून काढले, ते वाया गेले असं ठरवायची घाई करू नका. त्याच वेळी, दुःखातून नेहमी काहीतरी चांगलंच निघतं असंही मी म्हणणार नाही. कडाक्यात फांद्या मरतातही. आणि तुमचे थंडीचे तास अजून भरले नसतील, तर इतर सगळे फुलले म्हणून तुम्ही फुलायलाच हवं असं नाही. लवकर उघडलेला मोहर उशिराच्या कडाक्याच्या थंडीने करपतो, हे बागायतदाराला चांगलं ठाऊक असतं.

तारखेचं महत्त्व मात्र मी मानतो. २० किंवा २१ मार्चला दिवस-रात्र जवळजवळ समान होतात, म्हणजे समदिन असतो, आणि उत्तर गोलार्धात वसंत सुरू होतो. दक्षिण गोलार्धात हाच वसंतारंभ सप्टेंबरमध्ये येतो. या सुमारास दिवस वर्षातल्या सर्वांत जास्त वेगाने वाढत असतो, मध्य अक्षांशांवर रोज दोन ते चार मिनिटांनी. आणि मनालाही असा उंबरठा लागतो. हेंगचेन दाई, कॅथरिन मिल्कमन आणि जेसन रीस या संशोधकांनी २०१५ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यात एकच तारीख, २० मार्च, काहींना ‘मार्चमधला तिसरा गुरुवार’ म्हणून दाखवली आणि काहींना ‘वसंताचा पहिला दिवस’ म्हणून. आपल्या ध्येयाची आठवण त्या दिवशी करून द्या, असं म्हणणारे दुसऱ्या गटात स्पष्टपणे जास्त निघाले. दिवस तोच होता, फक्त नाव बदललं होतं.

उंबरठा ओलांडल्यावर काय? इथे पुन्हा फांदीकडे बघा. शेंडा वाढत असतो तोवर खालचे डोळे दबून राहतात, कारण शेंड्यात तयार होणारं ऑक्झिन नावाचं संप्रेरक त्यांना रोखून धरतं. शेंडा खुडला की खालून फुटवे येतात. आपल्या दिवसाचा शेंडा कोणता, हे प्रत्येकाने पाहावं. माझा होता उठल्या उठल्या हातात येणारा फोन. तो खुडला तेव्हा पक्ष्यांना दहा मिनिटं मिळाली. दात घासून झाले की खिडकीशी बसायचं आणि एक पक्षी काढायचा, इतकं नेमकं ठरवलं. ‘अमुक झालं की तमुक करायचं’ असं बांधून ठेवलेलं काम जास्त पार पडतं, हे पीटर गोलविट्झर या मानसशास्त्रज्ञाने बऱ्याच अभ्यासांतून दाखवलं आहे.

आणि वेळ द्या. लंडनमध्ये फिलिपा लाली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांवर केलेल्या अभ्यासात नवी सवय अंगवळणी पडायला साधारणपणे ६६ दिवस लागले. कुणाला १८ पुरतील, कुणाला २५४ लागतील असा पल्ला निघाला. एखादा दिवस चुकला म्हणून फारसं बिघडलं नाही. समदिनापासून सर्वांत मोठ्या दिवसापर्यंतचा काळ साधारण ९३ दिवसांचा असतो, म्हणजे ६६ दिवस या ऋतूत मावतात.

ही फांदी मी समोर टेबलावर पाण्याच्या भांड्यात ठेवून जाणार आहे. चार दिवसांपूर्वी आणली तेव्हा सगळे खवले घट्ट मिटलेले होते. आज टोकाच्या डोळ्याचे खवले किंचित विलग झालेत आणि फटीतून राखाडी-हिरवं काहीतरी दिसतंय. निघताना जवळ येऊन बघा. हात लावलात तरी चालेल, फक्त हलक्या हाताने.