माइकच्या स्टँडवरचं पेडल

(पडदा काळा. फक्त गिटार.)

ही गिटार नीट ऐका. सूर एकामागून एक झरझर येतायत, पावसाची सर पत्र्यावर यावी तसे. गाणं आहे 'स्पेलबाउंड', साल १९८१, बँड सूझी अँड द बॅन्शीज. सूझीचे उभारलेले काळेभोर केस आणि डोळ्यांभोवतीचं गडद काजळ पुष्कळांनी पोस्टरवर पाहिलेलं असतं. पण गिटारवर कोण होतं, हे पटकन कुणाला सांगता येत नाही.

त्याचं नाव जॉन मॅगीओक.

(ग्रीनॉकची जुनी छायाचित्रं. गोदी, क्रेन, धुकं.)

२५ ऑगस्ट १९५५ रोजी स्कॉटलंडमधल्या ग्रीनॉकला त्याचा जन्म झाला. क्लाइड नदीकाठचं, जहाजं बांधणारं हे गाव. पुढे घर लंडनजवळच्या एसेक्सला हललं आणि १९७५ साली जॉन मँचेस्टरच्या पॉलिटेक्निकमध्ये चित्रकला शिकायला गेला. चित्रकलेचं हे शिक्षण लक्षात ठेवा, त्याची गिटार ऐकताना ते पुन्हा पुन्हा आठवेल.

मँचेस्टरमध्ये तेव्हा काहीतरी उकळत होतं. ४ जून १९७६ला हॉवर्ड डिव्होटो आणि पीट शेली या दोन पोरांनी सेक्स पिस्टल्स या लंडनच्या पंक बँडला गावात बोलावलं (पंक म्हणजे साधं, वेगवान, दणकेबाज रॉक) आणि एका छोट्या सभागृहात कार्यक्रम घडवून आणला. पुढे या दोघांचा बझकॉक्स बँड गाजू लागला, आणि १९७७च्या सुरुवातीलाच डिव्होटो त्यातून बाहेर पडला. पंकच्या त्याच त्या धडाक्याचा त्याला कंटाळा आला होता. नव्या बँडसाठी त्याला गिटारवाला हवा होता. जॉनसोबत राहणारा माल्कम गॅरेट हा डिझाइनचा विद्यार्थी दोघांनाही ओळखत होता. त्याने गाठ घालून दिली आणि 'मॅगझीन' उभा राहिला.

जानेवारी १९७८मध्ये त्यांचं पहिलं गाणं आलं, 'शॉट बाय बोथ साइड्स'. त्यातली मुख्य धून मूळची पीट शेलीची. बझकॉक्सनेही ती वापरली आहे. दोन्ही गाणी लागोपाठ ऐकली की जॉनने काय केलं ते कळतं. त्याच्या हातात ती धून जिना चढत जाते, आणि प्रत्येक पायरीवर आता काहीतरी होणार असं वाटत राहतं. ब्रिटनच्या विक्रीच्या यादीत हे गाणं ४१व्या क्रमांकावर अडकलं. मला आजही त्याचं वाईट वाटतं.

मॅगझीनसोबत त्याने तीन अल्बम केले. तिथे तो गिटारच्या जोडीला सॅक्सोफोनही वाजवायचा. बँडचं कौतुक खूप झालं, पैसे फार आले नाहीत.

(सूझी अँड द बॅन्शीजचं मंचावरचं चित्रीकरण.)

सप्टेंबर १९७९मध्ये बॅन्शीजवर आफत आली. दौरा ऐन सुरू असताना गिटारवाला आणि ड्रमर, दोघेही ॲबरडीनमधून निघून गेले. द क्युअर या बँडच्या रॉबर्ट स्मिथने तो दौरा कसाबसा निभावून नेला, पण पुढच्या गाण्यांना कायमचा माणूस हवा होता. जॉन आधी पाहुणा म्हणून आला. १९८०चं 'हॅपी हाउस' त्याच काळातलं. मग मॅगझीन सोडून तो इथेच राहिला.

आता थोडं थांबून त्याचे हात बघू.

पंकमध्ये गिटार म्हणजे कॉर्ड. तीन-चार सूर एकाच वेळी, जोरात, खाली-वर. जॉन ती कॉर्ड उसवायचा. आतले सूर सुटे करून एकेक छेडायचा, मधली एखादी तार मोकळी सोडायचा आणि ती बाकीच्या सुरांखाली गुणगुणत राहायची. त्याच्या खांद्याला यामाहाची एसजी गिटार असायची. आणि फ्लँजर नावाचं पेडल, म्हणजे गिटारचा आवाज बदलणारी छोटी डबी, जी बाकीचे लोक पायाशी ठेवतात, ते त्याने माइकच्या स्टँडवर, हाताच्या उंचीला बसवून घेतलं होतं. फ्लँजर आवाजाची एक प्रत काढतो, ती अगदी किंचित उशिराने मूळ आवाजात मिसळतो, आणि तो उशीर सतत कमी-जास्त करत राहतो. त्याने आवाजाला भोवऱ्यासारखा पीळ पडतो. पेडल पायाशी असलं की ते चालू किंवा बंद, एवढंच करता येतं. जॉन वाजवता वाजवता हात पुढे करायचा, बटण जरासं फिरवायचा आणि पीळ घट्ट किंवा सैल करायचा. रंग कालवणाऱ्या माणसाचीच ही सवय.

'जुजू' हा अल्बम १९८१मध्ये आला आणि सातव्या क्रमांकापर्यंत चढला. पुढच्या वर्षीच्या 'अ किस इन द ड्रीमहाउस'मध्ये तर तो पियानो आणि रेकॉर्डर नावाची बासरीही वाजवतो. बॅन्शीज इतके मोकळे पूर्वी कधी नव्हते, असं माझं स्पष्ट मत आहे.

आणि याच काळात दारू वाढत गेली. कामाचा ताण, दौऱ्यांमागून दौरे. १९८२मध्ये माद्रिदला मंचावरच त्याचा तोल सुटला. त्यानंतर तो बँडमध्ये राहिला नाही. त्याच्या जागी पुन्हा रॉबर्ट स्मिथ आला.

स्किड्स या बँडच्या रिचर्ड जॉब्सनबरोबर त्याने 'द आर्मरी शो' बँड काढला. १९८५च्या एका अल्बमपुढे ते काही फार गेलं नाही. १९८६ला सेक्स पिस्टल्सचा जुना गायक जॉन लायडन याने त्याला आपल्या पब्लिक इमेज लिमिटेड या बँडमध्ये घेतलं. त्याच वर्षी व्हिएन्नाच्या कार्यक्रमात प्रेक्षकांतून भिरकावलेली दारूची बाटली त्याच्या चेहऱ्यावर आदळली आणि टाके घालावे लागले. तो बँड मात्र त्याने सोडला नाही. १९९२पर्यंत, तीन अल्बम, तो लायडनबरोबर राहिला.

द स्मिथ्सचा जॉनी मार, रेड हॉट चिली पेपर्सचा जॉन फ्रुशान्टे यांनी त्याचा प्रभाव उघडपणे मान्य केला आहे. त्यांच्या गिटारी जगभर वाजल्या. जॉनने मात्र नव्वदच्या दशकात परिचारकाचं शिक्षण घेतलं आणि रुग्णांची शुश्रूषा करू लागला.

(पडद्यावर गिटार नाही. एक लांबलचक, शांत कॉरिडॉर.)

४ मार्च २००४ला तो झोपेतच गेला. वय ४८.

त्याच्या एकट्याच्या नावावर एकही अल्बम नाही. त्याला ऐकायचं तर दुसऱ्यांच्या नावांच्या रेकॉर्ड्समध्येच शोधावं लागतं. सुरुवात 'जुजू'पासून करा. हेडफोन लावा, पहिलंच गाणं 'स्पेलबाउंड'. एकदा सूझीचा आवाज ऐका, मग गाणं पुन्हा लावून तिच्या मागे काय चाललंय ते ऐका.